एकाच चरातल्या दोन तारा

जुलै 2023 चा शेवटचा आठवडा. पाटसमधल्या माझ्या सेवा केंद्राच्या ओट्यावर सकाळी आठपासून माणसं बसली होती. कुणाच्या पिशवीत सातबारा, कुणाच्या हातात पासबुक, कुणाचं आधार कार्ड घडी पडून मऊ झालेलं. पीक विम्याची मुदत 31 तारखेला संपत होती. त्या खरिपापासून राज्य सरकारने शेतकऱ्याचा हप्ता एक रुपयावर आणला होता. त्यामुळे आजवर विम्याच्या वाटेला न गेलेली माणसंही आली होती. कुणाची बाजरी, कुणाचं सोयाबीन, कुणाचा कांदा. अर्जामागे केंद्रचालकाला विमा कंपनीकडून 40 रुपये मिळायचे. केंद्र उघडून मला जेमतेम चार महिने झाले होते आणि एवढी रांग मी पहिल्यांदाच बघत होते.

नववा अर्ज भरताना पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. थांबेचना. भिंतीवरच्या पांढऱ्या डब्याकडे पाहिलं, तर रोज हिरवा असणारा दिवा गेलेला आणि शेजारचा एक दिवा लाल होऊन लुकलुकत होता. त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, एलओएस. मी डबा बंद करून चालू केला. वायर काढून परत लावली. चार वेळा केलं. दिवा लालच.

समोर खुर्चीत एक आबा बसले होते. सत्तरीच्या पुढचे. माझी धांदल पाहून ते हळूच म्हणाले, "पोरी, माझं काय चुकलं का? अंगठा नीट नाय उठला का?"

मला काय उत्तर द्यावं ते कळेना, कारण मीही मनात तेच विचारत होते की माझं काय चुकलं. सवयीने म्हणाले, "नाही आबा, सर्व्हर डाऊन आहे." खरं तर सर्व्हर म्हणजे काय आणि हा लाल दिवा म्हणजे काय, यातला फरकही मला तेव्हा माहीत नव्हता.

तक्रारीच्या नंबरावर अर्ध्या तासाने माणूस मिळाला. तो म्हणाला, "मॅडम, रूटवर फायबर कट आहे. टीम गेलीय. चार तास लागतील." दुपारी विचारलं, तेव्हाही चार तास. संध्याकाळी विचारलं, तेव्हाही चार तास. अंधार पडल्यावर मी लोकांना घरी पाठवलं. त्यातल्या कितीतरी जणांचा त्या दिवसाचा रोज बुडाला होता. डब्यातला दिवा दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराला हिरवा झाला. पुढे सरकारने मुदत 3 ऑगस्टपर्यंत वाढवली म्हणून बहुतेकांचे अर्ज गेले. पण त्या रात्री ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. मी अंथरुणावर पडून त्या लाल दिव्याचाच विचार करत होते.

माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, भीमेच्या पलीकडचं. शिक्षण बारावी आणि वर एमएस-सीआयटी. लग्नानंतर पाटसला आले. 2023 च्या पाडव्याला ह्यांनी आणि सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, रस्त्यालगतचा गाळा मला केंद्रासाठी मोकळा करून दिला. कॉम्प्युटर, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, सगळं शिकले. नेट कुठून येतं, एवढं मात्र कधी मनात आलं नव्हतं. टॉवर उंच असतो, रेंज हवेतून येते, म्हणून नेटही वरूनच येत असणार असं धरून चालले होते. कट म्हणजे कशाचा कट? कुणी कापलं? तुटलेली गोष्ट दिसते कशी? हे प्रश्न मला सोडेनात.

पंधरा दिवसांनी परत लाल दिवा लागला. या वेळी मी फोनवर बसून राहिले नाही. टीम कुठे आहे ते विचारून घेतलं, गाळ्याला कुलूप लावलं आणि गाडी काढली.

वरवंडच्या अलीकडे, हायवेच्या सर्व्हिस रोडच्या कडेला एक उघडा खड्डा होता. खड्ड्यावर ताडपत्री ताणलेली आणि तिच्या सावलीत दोन मुलं मांडी घालून बसलेली. मधे छोट्या घडीच्या टेबलावर टिफिनएवढं एक मशीन. त्यातला एक मुलगा लातूरकडचा, पंचविशीचा. मी कोण ते सांगितलं, तेव्हा त्याला वाटलं की मी भांडायला आलेय. म्हटलं, "भांडायला नाही आले भाऊ. काय तुटतं ते बघायचंय." तो क्षणभर थांबला आणि मला बसायला त्याने रिकामा केबलचा ड्रम पुढे सरकवला.

त्या दुपारी मी जे पाहिलं ते मला आजही नीट आठवतं. बोटाएवढी जाड काळी केबल. ती सोलली की आत बारीक नळ्या आणि नळ्यांत केसासारखे रंगीत धागे. निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. बारा रंग ठरलेल्या क्रमाने येतात आणि मग पुढची नळी परत निळ्यापासून सुरू होते. या धाग्याला ही मुलं कोअर म्हणतात. रंगाचं पातळ आवरण काढलं की आत काच असते, 125 मायक्रॉन जाडीची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आणि त्या काचेच्याही आत मधोमध फक्त 9 मायक्रॉनचा गाभा, ज्यातून उजेड पळतो. "ताई, तुमचे अर्ज, फोटो, ओटीपी, समदं ह्याच्यातून उजेड होऊन जातं," तो म्हणाला. घरोघरी जाणाऱ्या जोडण्यांत एका कोअरवर 32 किंवा 64 घरं वाटून दिलेली असतात. म्हणजे त्याच्या चिमटीत धरलेल्या त्या एका केसावर माझ्यासारखी कितीतरी दुकानं आणि घरं लटकलेली होती.

तुटलेली जागा सापडते कशी, हे मी विचारलं. त्याने दुसरं एक यंत्र दाखवलं, ओटीडीआर. एका टोकाकडून त्यातून उजेडाचा एक झटका पाठवायचा. काचेतून जाताना त्यातला थोडाथोडा उजेड वाटेतूनच मागे परततो आणि जिथे तार तुटली तिथे तो एकदम संपतो. काचेत उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. दहा किलोमीटरवरच्या तुटीपर्यंत जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा दहा हजारावा भाग लागतो. तेवढ्या वेळावरून यंत्र अंतर काढून देतं. ओसाड विहिरीत दगड टाकून कान देतात आणि पाणी किती खोल ते ओळखतात, तसंच मला ते वाटलं.

पण यंत्र सांगतं ते केबलचं अंतर, रस्त्याचं नाही. पुढे कधी जोडावी लागली तर हाताशी असावी म्हणून चेंबरमध्ये जागोजाग दहा-वीस मीटर केबल गुंडाळून ठेवलेली असते. त्याला लूप म्हणतात. ते सगळं वजा करून, जुना नकाशा आठवून, कुठे ताजी माती उकरलेली दिसते ते बघत ही मुलं रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन रस्त्याच्या कडेने चालतात.

आणि मग जोडणी. कोअरचं आवरण काढायचं, अल्कोहोलने पुसायची, खास कटरने काटकोनात कापायची आणि दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. मशीनच्या छोट्या पडद्यावर दोन काचा नांगराच्या फाळाएवढ्या मोठ्या दिसतात. मग एक ठिणगी उडते आणि काच वितळून एक होते. त्याला स्प्लायसिंग म्हणतात. वरून बारीक नळी सरकवून तापवायची, की एक जोड झाला. धुळीचा एक कण मधे आला तर सगळं परत पहिल्यापासून. म्हणून तर पावसात ताडपत्री.

"चोवीस कोअरची केबल हाय," तो म्हणाला. "जेसीबी केबल कापत नाय ताई, वढतो. ताणून ती लांबवर फाटती. मग मधी नवा तुकडा टाकावा लागतो. तुकड्याला टोकं दोन. चोवीस दुणे अठ्ठेचाळीस जोड."

एका जोडाला चार मिनिटं धरली तरी अठ्ठेचाळीस जोडांना तीन तासांहून जास्त लागतात. खणणं, शोधणं आणि येणं-जाणं वेगळंच. फोनवरचे ते चार तास मला त्या दिवशी पहिल्यांदा समजले. आणि जुलैतल्या रात्री मी ज्यांच्यावर मनातल्या मनात चिडले होते, ती हीच मुलं चिखलात बसून माझा दिवा हिरवा करत होती, हेही समजलं.

तुटतं कशाने, याची त्याने मला बोटं मोडून यादी सांगितली. या भागात सगळ्यात जास्त पाइपलाइनीने. आमच्याकडे प्रत्येक शेतकऱ्याचं पाणी कुठून तरी लांबून येतं. कालव्याच्या कडेच्या विहिरीवरून, नदीवरून, दोन-दोन, चार-चार किलोमीटर पाइप पुरून. हा पाइप रस्त्याच्या कडेनेच न्यायची रीत आहे आणि केबलही त्याच कडेला असते. दुसरं कारण रस्त्याची कामं. पाटसपासून तोंडले-बोंडलेपर्यंतच्या सुमारे 130 किलोमीटरच्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाची पायाभरणी नोव्हेंबर 2021 मध्ये झाली. रस्ता रुंद झाला पाहिजे, यात वादच नाही. पण रस्ता रुंद होतो तेव्हा कडेला गाडलेलं सगळंच हलवावं लागतं. तिसरं कारण ऊस. खांबावरून रस्ता ओलांडून गेलेली केबल उसाने वरपर्यंत भरलेल्या डबल ट्रॉलीत अडकते आणि ट्रॅक्टरवाल्याला पत्ताही लागत नाही. चौथं कारण पाचट पेटवणं, त्यात खांबावरची केबल वितळते. शिवाय उंदीर कुरतडतात. आणि तांबं समजून तार कापणारे चोर असतात, ज्यांच्या हाती शेवटी विकून एक रुपयाही न येणारी काच लागते.

त्या संध्याकाळी जेवताना मी हे सगळं घरात सांगत होते. सासूबाई, म्हणजे आत्या, कौतुकाने ऐकत होत्या. मामा मात्र गप्प होते. पाइपलाइनीचा विषय निघाल्यावर त्यांनी ताटातला हात थांबवला. म्हणाले, "आपल्या पायपाच्या टायमाला बी निघाली हुती एक काळी नळी. जेसीबीवाल्यानं इचारलं, काय करू? मी म्हनलं, लोट माती."

कुणी काही बोललं नाही. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवशी कुणाचा दिवा लाल झाला असेल, कुणाचं काम अडलं असेल, हे मामांना तेव्हा कळायला मार्गच नव्हता. मलाही नसतं कळलं. पण ते ताटावरून उठताना म्हणाले, "मला वाटलं जुनी असंल, टाकलेली." ते मला फार लागलं. जे दिसत नाही ते टाकलेलंच असणार, असं आपण किती सहज धरतो.

मी तेव्हा एक निर्णय घेतला आणि तो अगदी शहाणपणाचा आहे असं मला वाटलं. दुसरी जोडणी घ्यायची. वेगळी कंपनी, वेगळा डबा, वेगळं बिल. महिन्याला पाचशे-सहाशे रुपये जास्त. पण एक तार तुटली तर दुसरी आहेच. भिंतीवर दोन पांढरे डबे शेजारीशेजारी लागले. नऊ-दहा महिने मी निश्चिंत होते.

मग जुलै 2024 आला. 28 जूनला सरकारने लाडकी बहीण योजना जाहीर केली आणि 1 जुलैपासून अर्ज सुरू झाले. तुकोबांची पालखी आमच्या गावावरून पुढे गेली, वारकऱ्यांची गर्दी ओसरली आणि तिच्या जागी माझ्या ओट्यावर बायकांची गर्दी आली. महिन्याला पंधराशे रुपये. ज्या बाईच्या नावावर आयुष्यात कधी एक पैसा आला नाही तिला या आकड्याचं काय मोल असतं, ते मी त्यांच्या तोंडाकडे बघून शिकले. खुरपणीला जाणारी बाई रोज पाडून आलेली. मांडीवर पोर. हातात रहिवासाचा दाखला.

एका मंगळवारी साडेदहाला पहिला डबा लाल झाला. मी जराही न गडबडता दुसऱ्याकडे वळले. तोही लाल होता.

मोबाईलवर चालवू म्हटलं. दांड्या दिसत होत्या, पण पान उघडेना. कुणाच्या फोनवर ओटीपी येईना. शेजारच्या किराणावाल्याचा क्यूआर चालेना. मेडिकलवाला उधारीची वही काढून बसला. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच मिनिटाला बंद पडल्या आणि मला त्याचा काही केल्या अर्थ लागेना. दोन कंपन्यांचं एकमेकींशी काही देणंघेणं नाही. टॉवर तर हवेत. मग?

मी पुन्हा गाडी काढली. गावाबाहेर ओढ्याच्या पुलाशेजारी पाण्याच्या लाइनीसाठी खोदकाम चाललं होतं. जेसीबी बाजूला उभा. त्याच्या बकेटच्या दातांना तीन नळ्या लोंबत होत्या. एक नारंगी, एक निळी, एक काळी. तिघीही एकाच चरातून वर ओढलेल्या. लातूरचा तो मुलगा खाली खड्ड्यात उतरत होता. मला बघून त्याने ओळखीचं हसून वर पाहिलं.

"ही निळी तुमची पहिली. ही नारंगी तुमची दुसरी. आन् काळी त्या टावरची."

"टॉवरला तार कशाला लागते?"

"ताई, टावर ते तुमच्या खिशातला मोबाईल, एवढंच हवेत. टावरपासनं पुढं समदं जमिनीतनंच."

मी त्या तिन्ही नळ्यांकडे बघत उभी राहिले. तो आत उतरला आणि तिथूनच म्हणाला, "तुम्ही बिलं दोन भरता ताई. पर वाट एकच हाय."

या विषयातलं मला जे काही कळलं आहे ते सगळं त्या वाक्यात आहे. पुलावरून ओढा ओलांडायला जागा एकच असते. एका कंपनीने परवानगी काढून चर खणला की दुसरीही तिथेच नळी टाकते, कारण पुन्हा खणणं महाग पडतं. कधी तर कंपन्या एकमेकींच्या केबलमधल्या कोअरच भाड्याने घेतात. डब्यावरचा शिक्का वेगळा, गिऱ्हाइकाला येणारं बिल वेगळं आणि आतली काच एकाच केबलमधली. बाहेरून मोजलं तर दोन, जमिनीतून मोजलं तर एक.

हे मला पूर्ण उमजलं ते पालख्यांवरून. पंढरपूरला दोन मोठ्या पालख्या जातात. ज्ञानोबांची आळंदीहून, तुकोबांची देहूहून. पुण्यात त्या भेटतात आणि हडपसरपर्यंत एकाच रस्त्याने येतात. तिथून माउली दिवेघाट चढून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण अशा जातात आणि तुकोबा लोणी काळभोर, यवत, वरवंड, पाटस, रोटी घाट, बारामती, इंदापूर असे. शेवटी वाखरीला दोन्ही परत जवळ येतात. समजा दिवेघाटात दरड आली, तरी तुकोबांची वाट चालू राहील. रोटी घाटात अडचण आली, तरी माउली पोहोचतील. पण पुणे ते हडपसर रस्ता बंद झाला, तर दोन्ही पालख्या उभ्या राहतील. माझ्या दोन तारा सगळीकडेच पुणे-हडपसर होत्या. दिवेघाट आणि रोटी घाट असे त्या कुठे फुटतच नव्हत्या.

मग मी वाचायला लागले आणि कळलं की ही चूक फक्त माझी नाही. 30 जानेवारी 2008 ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात दोन मोठ्या केबल एका पाठोपाठ तुटल्या आणि भारतापर्यंत नेट मंदावलं. युरोपकडे जाणाऱ्या त्या दोन तारा वेगवेगळ्या मालकांच्या, पण समुद्राच्या त्याच चिंचोळ्या पट्ट्यातून गेलेल्या. 2011 च्या मार्चमध्ये जॉर्जिया देशात एक म्हातारी बाई तांब्याच्या शोधात जमीन उकरत होती. तिच्या फावड्याने केबल तुटली आणि शेजारच्या आर्मेनियात जवळजवळ सगळ्या देशाचं नेट कित्येक तास गेलं. ती बातमी वाचताना मला मामांचं ते वाक्य आठवलं. तिलाही कुठे माहीत होतं? आणि टोंगा. पॅसिफिक महासागरातला हा बेटांचा देश. जानेवारी 2022 मध्ये तिथे समुद्रात ज्वालामुखी फुटला आणि देशाला फिजीशी जोडणारी एकुलती एक समुद्री केबल तुटली. ती जोडून होईपर्यंत पाच आठवडे गेले. दूर गेलेली मुलं जिवंत आहेत की नाहीत हे आईबापांना कळायला मार्ग नाही, असे किती दिवस गेले असतील.

याच्यावरचा उपाय जुना आणि माहितीतला आहे. त्याला रिंग म्हणतात. तार गावाला येऊन संपू द्यायची नाही. ती एका बाजूने गावात आणायची आणि दुसऱ्या बाजूने बाहेर काढून, फिरवून परत मूळ ठिकाणाला मिळवायची. एका बाजूने तुटली तर उजेड उलट्या दिशेने फिरून येतो. चांगल्या रिंगमध्ये ही बदली सेकंदाच्या विसाव्या भागात होते. डोळ्याची पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. मात्र अट एकच, रिंगच्या दोन बाजू कुठेही एका चरात, एका पुलावर यायच्या नाहीत.

गावोगावच्या ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची केंद्र सरकारची योजना ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर झाली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. पहिल्या टप्प्यात तारा झाडाच्या फांद्यांसारख्या नेल्या होत्या. फांदी मोडली की तिच्यावरची सगळी गावं अंधारात. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला मंजुरी दिली, सुमारे 1,39,000 कोटी रुपयांची, आणि त्यात ग्रामपंचायतींना रिंग पद्धतीने जोडायचं ठरवलं. मला हे वाचून बरं वाटलं. पण कागदावरचं गोल वर्तुळ जमिनीत गोल राहतं की पुलापाशी परत एक होतं, हे गावानेच बघायला हवं, कारण ओढा कुठे आहे ते गावालाच माहीत असतं.

मला जेवढं जमण्यासारखं होतं तेवढं मी केलं. लातूरच्या त्या मुलाला एका रविवारी घरी जेवायला बोलावलं आणि एका कोऱ्या फॉर्मच्या मागे त्याच्याकडून नकाशा काढून घेतला. माझ्या दोन्ही तारा वरवंडकडून, हायवेच्या कडेने येत होत्या. दौंडच्या बाजूने येणारं कुणी आहे का? त्याने एक नाव सांगितलं, ज्यांची तार रेल्वेलाइनच्या अंगाने येऊन मग गावात शिरते. आगगाडीच्या रुळांच्या कडेने फायबर असतं हेही मला नवीनच. रेल्वेची रेलटेल नावाची कंपनी 2000 सालापासून आहे आणि तिचं जाळं रुळांच्या कडेने देशभर पसरलेलं आहे. रुळाशेजारी कुणी शेतकरी पाइपलाइन खणायला जात नाही, एवढं तर मलाही कळतं.

दुसरी जोडणी बंद करून ही घेतली. पण त्याआधी तो मुलगा आणि मी गाडीवरून तिच्या वाटेने जाऊन आलो. दोन तारा कुठे एकत्र येतात का, ते बघत. त्या एकाच ठिकाणी एकत्र येत होत्या, माझ्याच गाळ्यासमोरच्या खांबावर. मग एक पुढून आणली आणि दुसरी मागच्या बोळातून. दोन्ही डबे इन्व्हर्टरवर घेतले, कारण वीज गेली तर दोन वाटा असून काय उपयोग. शिवाय एक वही केली. नेट गेलं तरी कागद तपासायचे, फोटो काढून ठेवायचे, अर्ज हाताने भरून घ्यायचा आणि माणसाला वेळ सांगून घरी पाठवायचं. ओट्यावर ताटकळत ठेवायचं नाही.

आणि मामांनी त्यांच्या परीने केलं. मी त्यांना सांगितलं होतं की मी ज्या पाडव्याला केंद्राचा नारळ फोडला त्याच दिवशी, 22 मार्च 2023 ला, केंद्र सरकारने कॉल बिफोर यू डिग नावाचं ॲप सुरू केलं. खणण्याआधी त्यावर कळवायचं, म्हणजे ज्याची तार असेल त्याला निरोप जातो. विचारपूस न करता केलेल्या खोदाईमुळे देशाचं वर्षाला सुमारे 3,000 कोटींचं नुकसान होतं, असं सरकारनेच तेव्हा सांगितलं होतं. खणणाऱ्याने आधी कळवलंच पाहिजे, असा नियमही त्याच वर्षी जानेवारीत आला. मामांना मोबाईलवर ॲप चालवता येत नाही. पण गावात कुणाची पाइपलाइन निघाली की ते मला ॲपवर कळवायला लावतात आणि स्वतः काठी घेऊन जेसीबीच्या आधी तिथे जातात. रूट मार्करचे दगड शोधतात आणि केबलच्या वाटेवर फक्कीची पांढरी रेघ मारतात. भारतनेटच्या कामात साध्या मातीत नळी 165 सेंटिमीटर खोल टाकायची असते, म्हणजे जवळजवळ साडेपाच फूट. पण वरची माती रस्त्याच्या कामात निघून गेली की ती दोन फुटांवरही येते. म्हणून मामा रेघेपाशी जेसीबी थांबवतात आणि फावडं मागवतात. जेसीबीवाला कुरकुरला तर एवढंच म्हणतात, "बाबा, हितं गावाचं काम चाललंय आत."

2025 च्या सुरुवातीची गोष्ट. उसाचा हंगाम भरात होता. शेतकरी ओळख क्रमांक काढायला केंद्रावर रांग लागली होती. रांगेत पहिल्या जुलैतले ते आबा होते, तीच पिशवी, तोच घडी पडलेला सातबारा. माहिती भरली, त्यांच्या नातवाच्या फोनवर ओटीपी आला, टाकला, पावती छापून निघाली. दहा मिनिटंही लागली नसतील.

पावती त्यांच्या हातात देताना माझी नजर भिंतीवर गेली. एका डब्याचा दिवा लाल होता. कधी झाला ते मला कळलंच नव्हतं. हायवेच्या बाजूला बहुधा कुठल्या तरी ट्रॉलीने केबल ओढली होती. शेजारच्या डब्याचा दिवा हिरवागार होता.

आबांनी पावती उलटसुलट करून पाहिली. "झालं का गं एवढ्यात?"

"झालं, आबा," मी म्हटलं आणि पुढच्या माणसाला खुर्चीत बोलावलं.